डाव्या मॉनिटरमधली सुंदराबाई

नवी मुंबईत उलव्याच्या मैदानावर कुठलाही मोठा कार्यक्रम असो, लोक जमायच्या आधी एक बुटका, पोट सुटलेला माणूस डोळे मिटून खुर्च्यांच्या रांगांमधून फिरताना दिसतो. नवख्याला वाटतं, याला चक्कर आलीय. चार पावलं चालतो, थांबतो, मान तिरकी करतो आणि आवाज कुठून येतोय ते डोळे न उघडता बोटानं दाखवतो. बोट स्टेजकडे गेलं तर ठीक. मागच्या टॉवरकडे गेलं, की डोळे उघडतात आणि तोंडातून शिवी बाहेर पडते. हा आमचा शिवा घरत.

शिवाचा धंदा साउंडचा, पण गाणाऱ्याचा आवाज गोड-बिड करणं त्याच्याकडे नाही. ते सुगतचं काम. सुगत जुईनगरचा, वडील पोपटराव परभणीकडून इकडे आले, आणि या पोराचा हात भीमजयंतीच्या कार्यक्रमांत मिक्सरवर बसला. शिवाचं काम त्याच्याही आधीचं. मैदानात मांडलेले बॉक्स एकमेकांशी भांडणार नाहीत, एवढं त्यानं बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, बॉक्स कसले भांडतात? भांडतात बाबा, चांगले कचाकचा भांडतात! मैदान मोठं असलं की स्टेजजवळचे बॉक्स मागच्या लोकांना पुरत नाहीत. म्हणून साठेक मीटरवर आणखी दोन टॉवर उभे करतात. वायरीतून आवाज तिथे क्षणात पोचतो. स्टेजवरचा तोच आवाज मात्र हवेतून रमतगमत येतो, प्रत्येक मीटरला तीन मिलिसेकंद खात. मग मागच्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो आणि गाण्याचा पार चिवडा होतो. तेव्हा मागच्या टॉवरला सांगावं लागतं, बाबा रे, थांब, पुढचा आवाज तुझ्यापर्यंत येऊ दे, मग तू तोंड उघड. याला म्हणायचं डिले. आणि तोंड उघडलंस तरी पुढच्याच्या वरताण ओरडू नकोस. ती झाली लेव्हल. ही दोन्ही जमली की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटतं, बाई तिथून थेट मलाच गाऊन दाखवतेय. टॉवर आहे हेसुद्धा तो विसरतो. म्हणजे शिवाचं काम जमलं तर ते कुणाला कळतच नाही. टाळ्या गाणाऱ्याला, हार पाहुण्यांना. शिवाला काय? तर कुणीतरी आमदाराचा पुतण्या येऊन म्हणणार, "भाऊ, जरा आवाज वाढव ना!"

"जल्ला, नलाला पानी आला तं कोन टाल्या वाजवतो?" शिवा म्हणतो आणि हसतो.

पण एका गोष्टीवर तो हसत नाही. कुणी म्हणालं, शिवा, तुझे कान भारी, की तो लगेच म्हणतो, "माजे नाय. चांगुणाकाकीनं दिलेत." आणि ते अगदी खरं आहे.

चांगुणाबाई त्याच्या खाडीकाठच्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीइतकाच धवलारणीचा मान. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला हवा, म्हणजे त्या विधीचं गाणं. ती एक ओळ टाकते, आणि शेजारी बसलेली तिची जोडीदारीण झील धरते, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून पुन्हा म्हणते. चांगुणाबाईची झील धरायची सुंदराबाई. चाळीस वर्षं ही जोडी पंचक्रोशीतल्या मांडवांत बसली. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. माइक नाही, बॉक्स नाही, आणि तरी आवाज खाडीपलीकडे जायचा म्हणतात.

शिवा पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. कुणाच्या तरी हळदीत तो बायकांच्या घोळक्यात बसून हौसेनं झील धरत होता. चांगुणाबाई मध्येच थांबली आणि शिवाच्या आईला म्हणाली, "पुतले, तुजा पोरगा उशिरा धरतो."

पुतळा हसली. "पोर हाय गं काकी, चुकल नाय तं काय!"

"पोरांचं चुकनं मना कलतं. ह्यो माज्या तोंडाकडं बघून धरतो. फिर रं बाला, माज्याकडं पाट कर."

शिवाला पाठमोरा बसवून तिनं ओळ टाकली. सगळ्या बायांनी झील धरली. शिवा गप्प. मांडवातलं हसू तिथेच थांबलं.

त्याचे दोन्ही कान वाहायचे, आणि घरात लसणीचं कोमट तेल ओतायचं काम चालू होतं. ओठ बघून बोलणं ओळखायला पोरगा इतका शिकला होता, की प्रत्यक्ष आईच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईनं त्याला उचललं, पुतळाला पुढे घातलं आणि एसटीनं पनवेलचा सरकारी दवाखाना गाठला. तिथून मुंबईला पाठवलं, तर मुंबईला. प्रत्येक खेपेला ती सोबत. नर्सबाईंसाठी पिशवीत सुका जवळा. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून वर्ष गेलं असतं तर हाती काही लागलं नसतं. पट्टी निघाल्यावर शिवानं पहिलं काय ऐकलं? तर खाटेमागे उभी राहून चांगुणाबाईनं टाकलेली ओळ. त्यानं मागे न बघता झील धरली, आणि पुतळा तिथे वॉर्डातच ओक्साबोक्शी रडली.

आता खरं सांगायचं तर पुढचं सांगायला शिवालाही जड जातं. पोरगा मोठा झाला. शेतं विमानतळात गेली आणि मोबदला हाती आला तेव्हा बरोबरीच्या पोरांनी गाड्या घेतल्या, शिवानं बॉक्स घेतले. त्या बॉक्सनी हळदीत असा धुमाकूळ घातला, की धवला कुणाला ऐकूच येईना. आधी ऐकू येईना, मग कुणी बोलावीना. चांगुणाबाईनं दिलेल्या कानांनी शिवानं चांगुणाबाईचाच आवाज झाकला. त्याच्या स्वतःच्या हळदीत ती बॉक्सपासून दोन हातांवर बसून तीन धवले गायली, आणि एक अक्षर कुणाच्या कानी पडलं नाही. जाताना तिनं त्याच्या गालाला हळद लावली. म्हणाली, "झ्याक वाजतं रं तुजं." बस, एवढंच. टोमणा नाही की काही नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं शिवाला आजही वाटतं.

हळदीचा धंदा त्यानं हळूहळू सोडला आणि मोठ्या मैदानांच्या कामाकडे वळला. पण ते हळद लावणं डोक्यातून गेलं नाही. म्हणून यंदा फेब्रुवारीत गावांचा महोत्सव ठरला तेव्हा तो विपुलला जाऊन भेटला. विपुल त्याचा वर्गमित्र, आता बिल्डर, महोत्सवाचा कर्ताधर्ता.

"काकीला अर्धा तास दे," शिवा म्हणाला.

"धवले? अरे, पब्लिक उठून जाईल, शिवा."

"उठली तर माझा साउंड फुकट."

विपुल हसला आणि त्यानं वीस मिनिटं दिली. संध्याकाळी सातला, उद्घाटनाच्या लगेच नंतर. पण अट घातली. म्हातारी अडखळली, तर डीजे तयार उभा असेल, लगेच ट्रॅक सुरू. शिवानं मान डोलावली.

चांगुणाबाई शहात्तर वर्षांची. सुंदराबाईला जाऊन तीन वर्षं झालेली. शिवा सांगायला गेला तेव्हा ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, "तू बोलावतोस, तं येते."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला आवाजाची तपासणी. स्टेजवर खुर्ची नको म्हणाली, चटईवर मांडी घालून बसली. नऊवारीचा पदर खोचला आणि माइककडे अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसं बघितलं. मग डोळे मिटून ओळ टाकली.

"पयला मान गं, खाडीच्या पान्याला..."

काय आवाज! सुगतचा हात मिक्सरवर तसाच राहिला. पण ओळ संपली आणि मैदानाच्या टोकाकडून "पान्याला" परत आलं. तिथे गेल्या वर्षी बावीस मजल्यांची काचेची इमारत उभी राहिलीय. आवाज जाऊन तिच्यावर आपटत होता आणि अर्ध्या सेकंदानं माघारी येत होता. चांगुणाबाई थांबली. परत आलेला शब्द पूर्ण विरू दिला, मग दुसरी ओळ टाकली. पुन्हा थांबली.

"शिवा, इको जाम आहे रे," सुगत फोनवर म्हणाला. "आजी प्रत्येक ओळीला थांबतायत. त्यांना त्रास होतोय."

मग काय, शिवा पेटला. दोन तास तो माणूस नुसता धावत होता. मोठ्या बॉक्सची वरची रांग खाली झुकवली. काचेकडे बघणारा एक बॉक्स सरळ बंदच केला. मागचे टॉवर फिरवले, त्यांची लेव्हल उतरवली, डिले पुन्हा मोजला. सुगत स्टेजवरून टिक-टिक सोडायचा, आणि शिवा टॉवरपाशी डोळे मिटून उभा. दोन टिक ऐकू आल्या की आकडा सरकवायचा, दोन्हींची एक होईपर्यंत. मग वर आणखी दहा मिलिसेकंद, म्हणजे स्टेजचा आवाज किंचित आधी पोचतो आणि कान तिकडेच वळतो. पाच वाजता इमारत मुकी झाली. शर्ट पिळून काढावा इतका घाम आला होता, पण गडी खूश होता. आयुष्यात एवढं स्वच्छ मैदान लावलं नव्हतं त्यानं.

"काकी, आता गा!"

चांगुणाबाईनं ओळ टाकली आणि थांबली. काही आलं नाही. दुसरी टाकली. थांबली. मान वर करून मैदानाच्या टोकाकडे बघितलं. तिसरी ओळ अर्ध्यातच सोडली आणि माइक हातानं बाजूला सारला.

"मना नाय गावाचं."

शिवा धावत स्टेजवर गेला. "काय झालं काकी? आवाज कमी येतो का?"

"झील कुटं गेली?"

शिवाला क्षणभर काही समजेना. मग समजलं.

"काकी, ती सुंदराकाकी नव्हती. ती समोरची इमारत..."

"येडी नाय मी!" म्हातारी फणकारली. "भिताड हाय ते, मना काय कलत नाय? पन भिताड का व्हयना, धरीत तरी व्हता. तीन वरसं झाली रं. भाकऱ्या थापताना मनात गाते, नि मनातच सुंदरा झील धरते. तोंडानं म्हनाय गेली की पयल्या ओलीनंतर थांबते, धरनारी कोन नाय. आज भिताडानं धरली तं चार ओली गायली मी. तीन वरसांत पयल्यांदा." मग शांतपणे म्हणाली, "तुज्यावर राग नाय बाला. तू तुजं काम केलंस."

शिवा तिथेच चटईवर बसला. दुसऱ्यांदा! आधी मांडवातला आवाज घालवला, आणि आज एवढी मेहनत करून, घाम गाळून, उरलेली झीलही घालवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. खाली विपुल घड्याळ दाखवत उभा होता. "मी डीजेला सांगतो, शिवा. राहू दे. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास?"

"सातपर्यंत थांब," शिवा म्हणाला. "सातला बोल."

सगळे बॉक्स परत पहिल्यासारखे लावावेत, तर मैदानभर चिवडा, आणि पब्लिक खरंच उठून जाणार. नाही केलं, तर काकी गाणार नाही. शिवा डोकं धरून बसला होता. शेवटी सुगतच म्हणाला, "अरे येड्या, इको पब्लिकला नकोय ना? मग पब्लिकला नको देऊ. आजींना दे."

स्टेजवर गाणाऱ्याच्या पायाशी एक लहान बॉक्स असतो, मॉनिटर म्हणतात त्याला. गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून. तो फक्त त्याच्यापुरता. शिवानं तसला एक आणून ठेवला, आणि सुगतनं त्यात तिचाच आवाज सोडला, अर्ध्या सेकंदाहून थोडा उशिरा.

चांगुणाबाईनं बळेच एक ओळ टाकली. बॉक्समधून "पान्याला" परत आलं. ती दचकली. मग नाक मुरडलं.

"सुंदरा कदी माज्यावर वरडली नाय."

शिवानं सुगतला खूण केली. लेव्हल उतरली. पुन्हा ओळ, पुन्हा झील.

"नि समोर नाय बसायची. माज्या डाव्या अंगाला."

शिवानं बॉक्स उचलून डावीकडे ठेवला, तिच्या गुडघ्याशी, थोडा तिरका. पुन्हा ओळ. आता तिचा चेहरा जरा सैल झाला, तरी मान नकारार्थीच हलत होती.

"लय वेल लावते. सुंदरा उतावली व्हती रं. मी ओल सोडायच्या आदीच तिना धरायची घाई."

"किती आधी, काकी?"

म्हातारीनं मांडीवर दोन थापा मारून दाखवलं. शिवानं डोळे मिटले. आकडे तो सांगत होता, सरकवत होता सुगत. पाचशे ऐंशी मिलिसेकंद. पाचशे. साडेचारशे. शिवाला सुंदराबाई आठवत होती, तपकिरीचा वास, खणखणीत घाईचा आवाज, एक डोळा सतत लाडवांच्या ताटावर. चारशे वीसला चांगुणाबाईनं ओळ टाकली, झील आली, आणि तिनं न थांबता दुसरी टाकली. तिसरी. चौथी. डावीकडे किंचित झुकून, खांद्याला खांदा लागावा तशी.

"हां," ती म्हणाली. "हीच."

सातपर्यंत मैदान भरलं. भाषणं झाली, हार झाले, आणि विपुल डीजेशेजारी जाऊन उभा राहिला. चांगुणाबाई चटईवर बसली. माइककडे बघितलंच नाही, डावीकडे बघितलं आणि ओळ टाकली.

शिवा नेहमीसारखा मागे गेला. टॉवरपाशी डोळे मिटले, मान तिरकी केली, बोट केलं. बोट थेट स्टेजकडे. आवाज एकच, अखंड. शेवटच्या रांगेत, गेटाजवळ, गावच्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. या नेहमी मागेच बसतात, घरी जाऊन वेळेवर भात टाकायचा असतो ना. त्यांत त्याची आई पुतळाही होती. कुणी उठत नव्हतं. लग्नातले धवले त्यांनी वीस वर्षांत धड ऐकले नव्हते, आणि आज अक्षर न् अक्षर जणू कानाशी येत होतं.

पाचव्या ओळीला शिवाला काहीतरी ऐकू आलं. बारीक. त्याला वाटलं, इमारत परत बोलायला लागली. त्यानं डोळे उघडले. पुतळाचे ओठ हलत होते. मग शेजारणीचे. पुढच्या ओळीला दहा-बारा जणी होत्या, त्याच्या पुढच्या ओळीला अख्खी रांग, आणि तिथून ते पुढच्या रांगांकडे सरकत गेलं. पोरीबाळींना शब्द येत नव्हते, तरी शेपूट तेवढं उचलत होत्या.

फोन वाजला. "शिवा, मागून काय येतंय? आजी थांबल्यात!"

चांगुणाबाई खरंच थांबली होती. कपाळावर हात धरून दिव्यांच्या पलीकडे अंधारात बघत होती. मैदानभरची झील तिच्यापर्यंत उशिरा पोचत होती, एवढ्या लांबून पोचणारच. आणि तिच्या गुडघ्याशी तो लहान बॉक्स आपल्या घाईनं वेगळंच म्हणत होता. दोन झिली एकमेकींत अडकत होत्या. विपुलनं डीजेच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुगत," शिवा म्हणाला, "डावा मॉनिटर उतरव. एकदम नको. हळूहळू उतरव. पार खाली."

सुगतनं उतरवला. चांगुणाबाईनं डावीकडे बघितलं. मग समोर बघितलं आणि नवी ओळ टाकली. टाकून थांबली. मागून झील यायला वेळ लागला. पण आली, आणि ती आल्यावरच तिनं पुढची टाकली. वीस मिनिटांची पन्नास झाली. विपुल डीजेपासून कधी सरकला आणि कधी टाळ्या वाजवायला लागला, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. आईशेजारी उभा राहून शिवाही झील धरत होता, भसाड्या आवाजात, शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच. पुतळानं त्याचा कान हलकेच ओढला.

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजवर गेला आणि चांगुणाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठू दिलं नाही, दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवून तशीच बसून राहिली. मग त्या लहान बॉक्सकडे हनुवटीनं खूण केली.

"मदीच बंद केलंस ना तिना?"

शिवा चपापला. "हो, काकी. राग आला?"

"नाय रं बाला. बरा केलंस." तिनं हात लांबवून बॉक्सची जाळी पदरानं पुसली. "तीन वरसं एकलीच झील धरीत व्हती. दमली आसंल."